स्पर्शाचा राखणदार : इलेक्ट्रॉनिक त्वचा आणि कामगाराचा हात

डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही आपली पाच ज्ञानेंद्रिये. यांपैकी डोळ्याची नक्कल करणारा कॅमेरा आणि कानाची नक्कल करणारा मायक्रोफोन घराघरांत पोहोचून किती वर्षे झाली, याचा हिशेबही आता कोणी ठेवत नाही. त्वचेची नक्कल मात्र माणसाला लवकर साधली नाही. डोळे दोन, कान दोन, आणि तेही ठरलेल्या जागी. त्वचा मात्र डोक्यापासून तळपायापर्यंत पसरलेली, वाकणारी, ताणली जाणारी आणि खरचटली तर आपली आपण भरून येणारी. अशा अवयवाची नक्कल करण्याचे जे प्रयत्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांत नेटाने चालू आहेत, त्यांतून तयार होणाऱ्या वस्तूला 'इलेक्ट्रॉनिक त्वचा' असे नाव पडले आहे. दाब ओळखणारे बारीक संवेदक म्हणजेच सेन्सर हा या त्वचेचा प्राण होय.

हा विषय आपल्या स्मरणिकेत कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्याचे उत्तर आपल्या गावातच आहे. एके काळी शेतीवर जगणारे चिखली गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. आज चिखली, तळवडे, भोसरी आणि पलीकडे चाकण या पट्ट्यात असे घर विरळाच, की ज्यातले कोणी ना कोणी यंत्रावर उभे राहत नाही. आपल्यापैकी पुष्कळांची खरी मालमत्ता म्हणजे त्यांचे दोन हात. तेव्हा हाताला जे जाणवते ते नेमके काय असते, ते यंत्राला शिकवता येते काय, आणि त्या विद्येचा उपयोग हात वाचवण्यासाठी होईल काय, या तीन प्रश्नांचा विचार आपण प्रस्तुत लेखात करू. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि पेशाने बँकेतले कारकून. त्यामुळे मांडणी शक्य तितकी सोपी ठेवली आहे.

त्वचेला काय कळते?

बँकेच्या काउंटरवर नोटा मोजताना आमचे डोळे पुष्कळदा समोरच्या ग्राहकाकडे असतात आणि काम बोटे करीत असतात. दोन नोटा चिकटून आल्या तर अंगठ्याला जाडी कळते. नोटेवरची उठावाची छपाई बोटाला लागते. कागद गुळगुळीत लागला की हात आपोआप थांबतो. शंभराच्या नव्या नोटेवर त्रिकोणाची आणि पाचशेच्या नोटेवर वर्तुळाची उठावदार खूण आहे, ती तर अंध बांधवांना नोट ओळखता यावी म्हणूनच ठेवलेली आहे. हे सारे ज्ञान स्पर्शाचे.

हे ज्ञान देणारी स्पर्शग्राहक टोके त्वचेच्या आत असतात. त्यांचे मुख्य चार प्रकार असून शोधकांच्या नावांवरून त्यांना नावे मिळाली आहेत. मर्केल ग्राहकाला टिकून राहिलेला दाब आणि वस्तूची कड कळते. माइसनर ग्राहकाला हलका स्पर्श आणि हातातून वस्तू निसटू लागल्याची चाहूल लागते. पॅसिनी ग्राहकाला बारीक कंप कळतो, तर रुफिनी ग्राहकाला त्वचेचा ताण कळतो. एका हाताचा तळवा आणि बोटांची आतली बाजू मिळून स्पर्शाच्या बातम्या नेणारे सुमारे १७ हजार मज्जातंतू असतात, असा स्वीडनमधील संशोधकांनी १९७९ साली हिशेब मांडला. यांखेरीज वेदना आणि उष्णता सांगणारी मोकळी मज्जाग्रे वेगळीच.

दाबाची विजेच्या संदेशात रूपांतर होण्याची क्रिया पेशीत कशी घडते, याचे उत्तर २०१० साली मिळाले. अमेरिकेतील आर्डेम पॅटापूटियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशीच्या आवरणात 'पिएझो' नावाची प्रथिने शोधून काढली. दाब पडला की या प्रथिनाचे दार उघडते, विद्युतभारित कण आत शिरतात आणि मज्जातंतूला संदेश मिळतो. या कार्यासाठी २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर विभागून देण्यात आले.

या रचनेत तीन कड्या आहेत, त्या वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली कडी जाणीव, दुसरी निरोप आणि तिसरी कृती. तापलेल्या तव्याला बोट लागले की 'भाजले' हे मेंदूला नीट उमगण्यापूर्वीच मज्जारज्जूच्या हुकमाने हात मागे आलेला असतो. त्वचा नुसती बातमीदार नव्हे, ती राखणदार आहे. बातमी कळूनही हात मागे घेता आला नाही, तर त्या बातमीचा काय उपयोग?

दाब कसा मोजतात?

दाब मोजण्याची साधने आपल्या रोजच्या वापरात आहेत. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यात धातूचा एक तुकडा असतो. वजन ठेवले की तो डोळ्याला न दिसण्याइतका वाकतो. त्यावर चिकटवलेल्या बारीक तारेची पट्टी ताणली जाते आणि तिचा विजेला होणारा अवरोध बदलतो. तो बदल मोजून काटा वजन दाखवतो. इलेक्ट्रॉनिक त्वचेतही मुख्यतः अशाच तीन युक्त्या वापरतात.

पहिली युक्ती अवरोधाची. रबरात किंवा कापडात कार्बनसारखा वीजवाहक पदार्थ मिसळला आणि ते दाबले, की आतले कण एकमेकांना भिडतात व वीज अधिक सहज वाहते. ही पद्धत स्वस्त आहे, परंतु वारंवार दाबल्यावर तिचे माप थोडे सरकते.

दुसरी युक्ती धारकतेची. दोन पातळ पत्र्यांमध्ये मऊ थर ठेवला की विजेचा भार साठवण्याची एक डबी तयार होते. पत्रे जवळ आले की साठवण वाढते. ही पद्धत अतिशय हलका दाबही ओळखते. मोबाईलचा पडदाही धारकतेवरच चालतो. मात्र त्याला दाब कळत नाही, विजेला वाट देणारे बोट जवळ आले एवढेच कळते. म्हणून रबरी हातमोजा घातल्यास बहुतेक पडदे दाद देत नाहीत.

तिसरी युक्ती दाबविजेची. काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज उत्पन्न होते, हे पिएर आणि जाक क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखवले. गॅस पेटवण्याच्या लायटरमध्ये खटका दाबताच ठिणगी पडते ती याच गुणामुळे. झटका आणि कंप ओळखण्यास ही युक्ती उत्तम, परंतु बराच वेळ तसाच टिकलेला दाब तिला नीट कळत नाही.

म्हणजे निसर्गाने चार ग्राहकांत कामाची जी वाटणी केली, तशीच वाटणी माणसालाही करावी लागली.

इलेक्ट्रॉनिक त्वचेची वाटचाल

२००४ साली टोकियो विद्यापीठातील ताकाओ सोमेया यांनी वाकणाऱ्या पातळ प्लास्टिकवर दाबसंवेदकांचे जाळे विणून दाखवले. २०१० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात झेनान बाओ यांच्या गटाने रबराच्या पापुद्र्यावर अतिसूक्ष्म पिरॅमिड उमटवले. सपाट भरीव रबर सहज दबत नाही आणि दबले तर चटकन पूर्ववत होत नाही. पिरॅमिडांच्या मधल्या जागेत हवा असल्यामुळे ही अडचण दूर झाली. सुमारे २० मिलिग्रॅम वजनाची माशी बसली तरी या पापुद्र्याला ती कळली. याच गटाने २०१५ साली दाबाचे रूपांतर मज्जातंतूंना समजेल अशा विजेच्या ठोक्यांत करून दाखवले. २०२३ साली त्यांनी केवळ ५ व्होल्टवर चालणाऱ्या मऊ त्वचेचा निरोप उंदराच्या मेंदूपर्यंत पोहोचवला आणि त्याचा पाय हलला. जाणीव, निरोप आणि कृती या तिन्ही कड्या अशा रीतीने जोडल्या गेल्या, पण अजून प्रयोगशाळेत.

आपल्या अभिमानाची गोष्ट अशी, की या क्षेत्रातील एक मोठे नाव मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेले आहे. डॉ. नितीश ठाकोर यांनी तेथून १९७४ साली पदवी घेतली आणि पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कृत्रिम हातावर काम केले. त्यांच्या गटाने २०१८ साली कृत्रिम हाताच्या बोटांवर कापड आणि रबर यांच्या थरांची त्वचा चढवली. वस्तू गोल आहे की अणकुचीदार, हे त्या त्वचेने ओळखले. हात गमावलेल्या व्यक्तीच्या उरलेल्या दंडावर सौम्य विजेचे स्पंद देऊन ती जाणीव तिच्यापर्यंत पोहोचवण्यात आली. वस्तू टोचणारी असेल तर कृत्रिम हाताने ती आपणहून सोडून दिली. म्हणजे या शास्त्रज्ञांनी कृत्रिम हाताला स्पर्शाबरोबर वेदनाही दिली. ती मुद्दाम का द्यावी, असा प्रश्न येथे पडेल.

आपल्या वाचकांना 'फस्स' हा पाली शब्द परिचित आहे. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत फस्सानंतर वेदना येते. वेदना म्हणजे केवळ दुःख नव्हे, तर सुखद, दुःखद किंवा तटस्थ अनुभव. आणि फस्स म्हणजे नुसते एकमेकांना लागणे नव्हे. इंद्रिय, विषय आणि विज्ञान या तिन्हींचा मेळ झाला तरच फस्स. या कसोटीवर पाहिले तर संवेदक हे केवळ इंद्रियाचे काम करते. त्याने दिलेला आकडा कोणाला तरी जाणवला पाहिजे, नाहीतर तो नुसता आकडाच राहतो.

वेदना हरवली तर

वेदनेचे मोल तिला गमावलेल्यांकडून कळते. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतात आणि हातापायांची जाणीव जाते. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. तेथे येणाऱ्या अनेकांच्या हातापायांची बोटे झडलेली असत. बोटे रोगाने सडून गळतात, असाच लोकांचा समज होता.

तो समज खोडून काढण्यात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली रुजू झालेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांचा मोठा वाटा आहे. बोटे गळत नसून, दुखत नसल्यामुळे त्यांना इजा होत राहते, हे त्यांनी दाखवून दिले. चुलीवरचे भांडे उघड्या हाताने उचलले तरी कळत नाही. चपलेतला खिळा दिवसभर टोचला तरी माणूस चालत राहतो. जखम चिघळते, हाड झिजते आणि बोट जाते.

पुढे १९६६ साली डॉ. ब्रँड अमेरिकेत कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तेथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम वेदना निर्माण करण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यांत आणि पायमोज्यांत दाबसंवेदक बसवले. दाब धोक्याच्या पातळीला गेला की कानात आवाज होई. रुग्ण आवाजाकडे दुर्लक्ष करीत. मग जेथे जाणीव शिल्लक होती तेथे, म्हणजे काखेत, विजेचा सौम्य झटका देऊन पाहिला. तेव्हा रुग्णांना एखादे जोराचे काम उरकायचे असले की ते यंत्रणा बंद करीत, काम उरकीत आणि मग पुन्हा चालू करीत. काही वर्षांच्या खटपटीनंतर हा प्रकल्प सोडून द्यावा लागला. संवेदक त्या काळी महाग आणि नाजूक होते हे खरेच. परंतु डॉ. ब्रँड यांनी त्यातून जो धडा घेतला तो संवेदकाविषयी नव्हता. खरी वेदना राखण करते, कारण ती बंद करण्याचे बटण आपल्या हाती नसते. बटण हाती आले, की घाईत असलेला माणूस ते दाबणारच.

हे वाचताना आम्हाला आपल्या भागातील प्रेस शॉप आठवले.

प्रेसवरचा हात

पॉवर प्रेसच्या डायमध्ये पत्रा ठेवायचा, स्ट्रोक मारायचा, जॉब काढायचा आणि पुन्हा पत्रा ठेवायचा. एका पाळीत हे शेकडो वेळा. हात आणि पंच यांची गाठ पडू नये म्हणून जी साधने आहेत, ती एका अर्थाने यंत्राची त्वचाच होत. दोन हातांची बटणे असतील तर दोन्ही जवळजवळ एकाच वेळी दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही. म्हणजे दोन्ही हात डायच्या बाहेर आहेत याची खात्री होते. लाइट कर्टनमध्ये न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. तो हाताने तोडला की प्रेस थांबते.

येथे तिसऱ्या कडीचा, म्हणजे कृतीचा प्रश्न येतो. जुन्या पिन क्लचच्या प्रेसमध्ये क्लच एकदा लागला की स्ट्रोक पुरा झाल्याशिवाय ती थांबत नाही. अशा प्रेसला लाइट कर्टन लावणे म्हणजे भाजल्याचे कळूनही हात मागे न घेता येण्यासारखे आहे. तेथे हात आत जाणारच नाही असे पक्के गार्ड हवे. जी प्रेस मध्येच थांबू शकते, तिच्यासाठीही अंतराचा हिशेब करावा लागतो. हाताचा वेग सेकंदाला सुमारे १.६ मीटर धरतात. प्रेसला थांबायला ०.३ सेकंद लागत असतील, तर पडदा डायपासून निदान ४८ सेंटिमीटर लांब हवा. त्याहून जवळ असेल तर प्रेस थांबण्यापूर्वी हात पोहोचतो.

आणि येथेच डॉ. ब्रँड यांचा धडा लागू पडतो. उत्पादनाचा आकडा गाठायचा असतो, नगावर मजुरी असते, किंवा कंत्राटी मुलाला उद्याच्या कामाची शाश्वती नसते. मग एक बटण पट्टीने बांधले जाते, गार्ड काढून ठेवले जाते, कर्टन बायपास केला जातो. कारव्हिलच्या रुग्णाने स्वतःची यंत्रणा बंद केली आणि इजा स्वतःच भोगली. कारखान्यात बंद करायला लावणारा पुष्कळदा एक असतो आणि बोट दुसऱ्याचे जाते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमाने यंत्राच्या धोक्याच्या भागांना गार्ड लावण्याची जबाबदारी टाकली होती, आणि १११ व्या कलमाने कामगाराला सुरक्षेच्या साधनाशी खेळ करण्यास मनाई केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनी त्या कायद्याची जागा घेतली असली तरी तत्त्व तेच आहे.

बोट गेल्यावर कायदा काय देतो? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचा हिशेबच मांडला होता. अंगठा पूर्ण गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के घटली असे धरावे, तर्जनी गेली तर १४ टक्के, मधले बोट १२ टक्के, अनामिका किंवा करंगळी ७ टक्के. राज्य कामगार विमा योजनेचा पाया ज्या अहवालाने घातला, तो प्रा. बी. पी. आडारकर यांचा अहवाल १९४४ साली तयार झाला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४८ साली तो कायदा झाला आणि कामगाराच्या जखमेला दान नव्हे तर हक्क मिळाला. याचे मोल मोठे आहे. तरीही टक्क्यांत भरपाई मिळते, बोट मिळत नाही. १७ हजार मज्जातंतूंचा हिशेब कोणत्याही परिशिष्टात बसत नाही.

पुण्यात वानवडीला १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. सैनिकांसाठी निघालेल्या या केंद्राचा लाभ नागरिकांनाही होत आला आहे. कृत्रिम हात माणसाला पुन्हा उभे करतो, यात शंका नाही. परंतु सर्वसामान्यांना मिळणाऱ्या कृत्रिम हाताला अजून स्पर्श नाही. चहाचा कप किती घट्ट धरला हे तो सांगत नाही, डोळ्यांनी पाहावे लागते. इलेक्ट्रॉनिक त्वचा स्वस्त आणि टिकाऊ झाली की ती प्रथम कोणाला मिळणार? रोबोच्या हाताला, की हात गमावलेल्या कामगाराला? हा प्रश्न विज्ञानाचा नाही, समाजाचा आहे.

आपण काय करावे?

इलेक्ट्रॉनिक त्वचेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. तिच्यामागचे तत्त्व आजही हाताशी आहे.

आपल्या घरातील जे प्रेसवर काम करतात त्यांनी डायमध्ये हात घालू नये, चिमटा किंवा लोहचुंबकाची काठी वापरावी. डाय बसवताना वीज बंद करून सेफ्टी ब्लॉक ठेवावा. बटण बांधलेले किंवा गार्ड काढलेले दिसले तर एकट्याने वाद न घालता चार जणांनी मिळून, आणि लेखी सांगावे. एकट्याला गप्प करणे सोपे असते.

ज्यांना मधुमेह आहे त्यांच्याही पायाची जाणीव हळूहळू जाऊ शकते. डॉक्टर १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक धागा तळव्याला लावून ती तपासतात. तपासणी दोन मिनिटांची आणि अगदी कमी खर्चाची आहे. अशा व्यक्तींनी अनवाणी चालू नये, चप्पल घालण्यापूर्वी ती झटकून आत हात फिरवावा आणि रोज रात्री तळवे पाहावेत. जेथे वेदना सांगत नाही, तेथे डोळ्यांनी राखण करावी. त्वचेवर बधिर चट्टा दिसल्यास लाज न बाळगता दवाखान्यात जावे. कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार असून तो सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतो व रोग पूर्ण बरा होतो.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

१) मित्राने डोळे मिटावेत. दोन पेन्सिलींची टोके एकाच वेळी त्याच्या बोटाच्या टोकाला हलकेच लावा आणि किती टोके लागली ते विचारा. बोटावर दोन-तीन मिलिमीटर अंतरही ओळखू येते. पाठीवर मात्र सुमारे चार सेंटिमीटर अंतर होईपर्यंत दोन टोके एकच वाटतात. असे का, ते ग्राहकांच्या दाटीवरून सांगा.

२) इलेक्ट्रॉनिक चिप ज्या काळ्या स्पंजात खोचून येतात, त्याचा तुकडा दोन नाण्यांमध्ये ठेवा. नाण्यांना मल्टिमीटरची टोके जोडून अवरोध मोजा आणि स्पंज दाबा. आकडा कोणत्या दिशेने सरकतो? तुम्ही दाबसंवेदक तयार केला आहे.

३) प्रेसला थांबायला ०.५ सेकंद लागत असतील, तर लाइट कर्टन किती अंतरावर हवा? वरील पद्धतीने गणित करा आणि ते घरातील कामगाराला समजावून सांगा.

आपल्या समाजातील मुले आज अभियांत्रिकीला जात आहेत, इलेक्ट्रॉनिक्स आणि रोबोटिक्स शिकत आहेत. त्यांच्याकडून आमची एकच अपेक्षा आहे. संवेदक अवश्य बनवा, माशीचे वजन ओळखणारा बनवा. पण तो बसवताना त्याचे बटण कोणाच्या हाती राहील हा प्रश्न पहिल्यांदा विचारा. ज्याचे बोट धोक्यात आहे त्याच्या बाजूने त्या प्रश्नाचे उत्तर देणारा एक जरी अभियंता आपल्या वस्तीतून निघाला, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.